बत्तीस मिलिमीटर

जानेवारीत बाहेर उणे चौतीस.
टाकीला लाथ घातली तरी
आतला गॅस हूं की चूं करत नाही.
ज्योत येते ती आजारी,
बर्नरच्या तोंडाशीच गळपटते.
मागच्या हिवाळ्यात, सास्काटूनच्या या अंगणात,
दोन तास उभा राहिलो पातेल्याशेजारी,
मिशीला बर्फ, हातात लाकडी पळा,
आणि पाणी कोमटच.
त्या रात्री ठरवलं: आता वीज.

पातेलं पन्नास लिटरचं,
चर्चच्या स्वयंपाकघराने लिलावात काढलेलं.
वीस वर्षं त्यात बोर्श्ट उकळलं,
लग्नाचं आणि मयताचं, सारखंच लाल.
डारिया म्हणाली, एवढं धड भांडं,
त्याला भोक पाडणार तू?
एकच, म्हटलं.
खरं तर तीन होती:
कांडीला, तोटीला, तापमापकाला.
लोक ताकाला जाऊन भांडं लपवतात,
मी भांडं पुढ्यात ठेवून भोकं लपवली.

स्टेनलेसला घाई चालत नाही.
ड्रिल जोरात फिरवलं की तापतं,
तापलं की हट्टाला पेटतं,
मग टोक त्यावर नुसतं किंचाळत बसतं.
म्हणून तेलाचा थेंब, हळू फेरा, पुन्हा थेंब.
दहा. सोळा. चोवीस.
बत्तीसला आरपार गेलं
आणि त्या गोलातून पलीकडचं तळघर दिसलं:
लोणच्याच्या बरण्या, मुलाचे जुने स्केट्स,
एक खुर्ची, जिच्यावर कुणी बसत नाही.
बराच वेळ तसाच वाकून राहिलो.
डारियाला वाटलं कंबर धरली.

विजेचं काम तमाराचं.
माझी भाची, पोटॅशच्या खाणीत तारा जोडते.
तिने माझी आकृती पाहिली,
काही न बोलता कागद उलटा केला,
कोऱ्या बाजूवर नवी काढली.
"आधी हिरवी. अर्थिंग. बाकी सगळं नंतर.
मामा, पाणी, धातू, दोनशे चाळीस व्होल्ट,
या तिघांत चौथा तुझा हात आहे."
गळती पकडणारा ब्रेकर स्वतःच्या पैशाने आणला,
पाडून दाखवला, पुन्हा पाडला.
टक्.
या आवाजावर माझा जीव आहे, हे तिने मला पाठ करायला लावलं,
जसे मी तिला कधीकाळी पाढे.

सॉकेट कपडे वाळवायच्या यंत्राचं.
म्हणजे ज्या दिवशी बिअर, त्या दिवशी ओले मोजे.
हा तह डारियाने लिहून फ्रिजवर चिकटवला.

पहिल्या चाचणीत थेंब.
घड्याळ लावलं: अकरा सेकंदांनी दुसरा.
वॉशर आतून हवं होतं, मी बाहेरून घातलेलं.
तीस वर्षं शाळेचे बॉयलर सांभाळले
आणि हे.
पाणी ओतलं, नट सोडला, पुन्हा आवळला.
कांडी कोरडी कधी पेटवायची नाही, तमारा म्हणालेली;
पाण्यात बुडालेली असली तरच ती शहाणी.

मग एका शनिवारी सहा किलो जव,
मोड आणून वाळवलेले, भरडलेले,
जाळीच्या टोपलीत.
लाल आकडे सदुसष्टवर आले
आणि तिथेच बसले, तासभर,
गुणी पोरासारखे.
ना फुरफुर, ना वारा, ना काजळी.
मला करायला काही उरलं नाही.
तीनदा खिसा चाचपला, काडेपेटीसाठी.

उकळी मात्र जुनीच.
फेस काठापर्यंत चढला तशी डारिया जिन्यावरून म्हणाली,
उतू नकोस, मातू नकोस.
पातेल्याला की मला, कळलं नाही.
मी वीज थोडी उतरवली.
मूठभर हॉप्स टाकले,
तळघराला ओल्या गवताचा कडू वास आला,
खिडकीच्या काचेवर वाफेचं लगेच हिम.

तांब्याच्या वेटोळ्यातून नळाचं पाणी, चार अंशाचं,
वीस मिनिटांत सगळं गार.
चोथा क्लेटनच्या कोंबड्यांना.

रात्री अकराला प्लग परत यंत्रात.
मोजे फिरू लागले.
बादलीला कान लावून पाहिला:
काही नाही.
यीस्टला कुठे घाई आहे.
वर जाताना दिवा घालवला,
परत येऊन ब्रेकर एकदा पाडला,
उगाच.
टक्.